प्रागला फुटबॉल बघायला जायचंय, कुणी नेमाने जातं का?

प्रेषक: ताई (ड्रेस्डेन)

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या जेवणावळीत कानावर आलं होतं की आपल्यातले काहीजण सीमेपलीकडे जाऊन चेक लीगचे सामने बघतात. माझा लेक बारा वर्षांचा आहे आणि घरात फुटबॉलशिवाय दुसरा विषय नाही. ड्रेस्डेनहून प्राग गाडीने अडीच तासांच्या आत येतं, तर दिवाळीच्या आधी एखादा सामना दाखवावा असं मनात आहे.

कुठल्या मैदानावर जावं? तिकिटाचं कसं करतात? आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना तिथे काही त्रास होतो का? या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या, माझं मन राखायला गोड लिहू नका.

---

प्रेषक: आबा (लाइप्झिग)

ताई,

शेवटचं आधी सांगतो. तुम्ही आई म्हणून विचारलंय, त्याचं उत्तर खाली ढकलणं बरं नाही.

अकरा वर्षं झाली, मी जातोय. बहुतेक वेळा काही होत नाही. लोक एकदा निरखून बघतात, मग विचारतात कुठून आलात, मग बिअर पुढे करतात. दोनदा मात्र वाईट अनुभव आला. एकदा पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये उभा असताना मागून माकडाचे आवाज काढले गेले, आणि तिथे काळासावळा मी एकटाच होतो. मैदानाचं नाव लिहीत नाही. शेजारच्या दोघा-तिघांनी वळून त्या पोरांना झापलं आणि ती गप्प झाली, पण ते आवाज मी विसरलेलो नाही. मोठ्या पातळीवरही हे घडलंय. २०२१ मध्ये युरोपा लीगच्या सामन्यात स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबच्या ग्लेन कमाराशी वंशभेदी वर्तन केल्याबद्दल प्रागच्या स्लाव्हिया क्लबच्या ओंद्रेय कुडेलाला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, दहा सामन्यांची बंदी घातली होती. तेव्हा तिथे असं नसतंच, असं मी म्हणणार नाही. पण पोराला घेऊन जाऊ नका असंही म्हणणार नाही. मुख्य स्टँडमध्ये बसा. कट्टर समर्थकांच्या टोकाला तिथे ‘कोतेल’ म्हणतात, म्हणजे उकळती कढई. पहिल्या खेपेला तिकडे जायचं नाही. स्पार्टा-स्लाव्हिया डर्बीलाही नाही, म्हणजे प्रागच्याच दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यालाही नाही.

आता कुठे जावं ते. मी सांगेन, प्रागच्या व्हर्शोव्हित्से भागात, बोहेमियन्स क्लबच्या मैदानावर. सगळे सांगतील स्लाव्हियाचं एडन मैदान बघा, मोठं आहे, नवं आहे, एकोणीस हजारांवर माणूस बसतं. बघा की. दोन्ही मैदानांत किलोमीटरभराचंच अंतर आहे. पण माझं ऐका, आधी बोहेमियन्स.

मैदानाचं लाडकं नाव ‘द्योलीचेक’. चेकमध्ये गालावरच्या खळीला हाच शब्द आहे, आणि मैदान आहेही तसंच. चहूबाजूंनी वस्ती आणि मधे खळगा. स्टँडमधून मान वळवली की घरांच्या खिडक्या दिसतात. क्लबचा रंग हिरवा-पांढरा आणि चिन्ह कांगारू! प्रागमध्ये कांगारू कुठून आला? १९२७ मध्ये हा संघ जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला होता, तिथे त्यांना दोन जिवंत कांगारू भेट मिळाले. तेव्हापासून खेळाडू ‘क्लोकानी’, म्हणजे कांगारू. तुमच्या लेकाला हे आधीच सांगून ठेवा, गाडीत वेळ छान जाईल.

आणि पानेन्का! पेनल्टीला गोलकीपर झेप घेतो आणि चेंडू मधोमध हलकेच उचलून टाकला जातो, त्याला सगळं जग ज्याच्या नावाने ओळखतं तो अंतोनीन पानेन्का याच क्लबचा. १९७६, बेलग्रेड, देशांच्या युरो चषकाची फायनल. समोर पश्चिम जर्मनी, गोलमध्ये सेप मायर, आणि शेवटची निर्णायक पेनल्टी. तो फटका त्या रात्री सुचलेला नव्हता. सराव संपल्यावर तो बोहेमियन्सचा गोलकीपर झ्देन्येक ह्रुश्काबरोबर मागे थांबायचा आणि दोघं पेनल्टीवर पैज लावायचे, कधी बिअरची, कधी चॉकलेटची. पैजा हरायला लागल्यावर रात्री पडल्या पडल्या विचार करून त्याने ही युक्ती काढली. जगाला माहीत असलेला तो फटका व्हर्शोव्हित्सेच्या सरावात, चॉकलेटच्या पैजेवर घडलाय. तिथे बसलं की मला दर वेळी हे आठवतं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या तिथल्या फुटबॉल संघांच्या नावांवर आम्ही वाढलो. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत आदल्या दिवसापासून ईर्षा सुरू. जर्मनीत आल्यावर मोठमोठी स्टेडियम बघितली, डोळे दिपले, पण पोटात काही हललं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात कामानिमित्त प्रागला होतो, संध्याकाळ मोकळी होती, हॉटेलवाल्याने सांगितलं म्हणून गेलो. पाऊस होता. सामना गोलशून्य सुटला. शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, हिरवी-पांढरी शाल गळ्यात, शाल म्हणजे तो विणलेला पट्टा हो. नव्वद मिनिटं ते पंचाला आणि आपल्याच सेंटर फॉरवर्डला आळीपाळीने बोल लावत होते. मला शब्द एक कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझे चुलते अगदी असेच बसायचे.

हाफटाइमला त्यांनी मला टपरीवर नेलं. क्लोबासा म्हणजे जाड सॉसेज, विस्तवावर काळपट भाजलेलं, कागदी ताटलीत, शेजारी मोहरीचा एक गोळा आणि काळसर पावाचे दोन तुकडे. काटा-चमचा नाही. आजोबांनी सॉसेजचं टोक मोहरीत बुडवून कसं खायचं ते दाखवलं आणि मोहरी बोटाला लागली ती पावाने पुसून घेतली. (तुमच्याकडे शाकाहार असेल तर घरून डबा खाऊन निघा, मैदानावर पाव आणि मोहरीच्या पलीकडे फारसं काही मिळणार नाही.) बिअरचा कप फेकायचा नसतो, त्याची अनामत घेतलेली असते, परत केला की पैसे मिळतात.

सामना संपल्यावर मी उठलो तर आजोबांनी बाही धरून खाली बसवलं. खेळाडू रांगेने कढईच्या टोकाला गेले आणि जाळीपाशी उभे राहिले. इकडून एक आरोळी, तिकडून उत्तर, मग टाळ्या, मग दोन्हीकडून उड्या. याला ‘द्येकोवाच्का’ म्हणतात. द्येकुयी म्हणजे धन्यवाद, त्यावरून. सामना जिंकला तर गाणं लांबतं, हरला तर खेळाडू मान खाली घालून येतात आणि लोक त्यांना काय ते तोंडावर सांगतात. पण येतात. इतर क्लबांतही ही रीत आहे. काही झालं तरी शेवटच्या शिटीला उठून पळू नका.

आणि हा क्लब आजही उभा आहे तो माणसांमुळे. २००५ मध्ये पैशांअभावी बुडालाच होता. समर्थकांनी वर्गणी काढली, तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली, आणि दोन वर्षांत पहिल्या श्रेणीत परत आले. पेठेतली तालीम जशी वर्गणीवर उभी राहते, तसंच. म्हणून सांगतो, एका दौऱ्यात पाच मैदानं करून फोटो काढत फिरू नका. एकच निवडा आणि परत परत जा. मला तिसऱ्या खेपेला टपरीवाल्या बाईंनी ओळखलं. सहाव्या खेपेला आजोबांनी माझी जागा धरून ठेवली होती.

तिकिटाचं: क्लबच्या साइटवर काढा, फोनवर येतं. एक धडा मात्र घ्या. वेळापत्रकात आधी नुसता शनिवार-रविवार लिहिलेला असतो, नक्की दिवस आणि वेळ टीव्हीच्या सोयीने नंतर ठरते. मी एकदा दोन गाड्या बदलून एका गावी पोचलो तर मैदानाला कुलूप, सामना आदल्या संध्याकाळी उरकला होता. सवलतीचं रेल्वे तिकीट वेळ पक्की झाल्यावरच काढा. लीगमध्ये १६ संघ, ३० फेऱ्या, मग तक्त्याचे तीन तुकडे होऊन पुढचे सामने, त्यामुळे वसंतातल्या शेवटच्या आठवड्यांत कोण कुणाशी खेळणार ते आधी कळतच नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हिवाळ्याची सुट्टी. चलन कोरुना, युरो नाही.

मुख्य स्टेशनवरून मेट्रोने दोन स्टेशनं, इ. पे. पाव्हलोव्हाला उतरा, वरून २२ नंबरची ट्रॅम. हिरव्या-पांढऱ्या शाली दिसायला लागल्या की त्यांच्या मागे चाला.

आबा

---

प्रेषक: माई (ब्रनो)

आबा, पत्र वाचून डोळे भरून आले हो, पण सगळं प्रागच कसं? इथे देशाच्या पूर्वेला मोराव्हियातही माणसं राहतात.

बाळा (ताई, तुला म्हणतेय), कधी व्हिएन्नाला गेलीस तर तिथून दीड तासात ब्रनोला ये. आमचा क्लब झ्ब्रोयोव्हका, म्हणजे शस्त्रांचा कारखाना. त्याच कारखान्यावरून. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ब्रेन गन, ब्रेन गन करायचे, ती हलकी मशीनगन. त्यातला ‘ब्र’ म्हणजे ब्रनो आणि ‘एन’ म्हणजे एनफिल्ड, हे मला इथे संसार थाटल्यावर कळलं. तेव्हा वडील हयात नव्हते. त्यांना सांगायला हवं होतं.

झ्ब्रोयोव्हका १९७८ मध्ये विजेते झाले, पुन्हा कधी नाही. पण मला सांगायचंय ते लुझांकीच्या मैदानाबद्दल. शहराच्या मधोमध असलेलं हे प्रचंड जुनं मैदान २००१ मध्ये बंद पडलं. क्लब दुसरीकडे खेळायला गेला आणि इथे पायऱ्यांवर झाडं उगवली. साधी झुडपं नाहीत, झाडं! मी भाजी घेऊन त्या बाजूने यायचे तेव्हा कुंपणातून जंगल दिसायचं. मग २०१५ मध्ये पेत्र श्वान्त्सारा या आमच्या खेळाडूने ठरवलं की निरोपाचा सामना खेळीन तर लुझांकीतच. लोक कुऱ्हाडी, करवती, फावडी घेऊन आले. आठवड्यामागून आठवडे माणसं पायऱ्या उकरत होती. आमच्या जिन्यातला प्लंबर सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचा आणि संध्याकाळी मातीने माखून यायचा. मी त्यांच्यासाठी दोनदा बटाटेवडे करून दिले, तेव्हापासून तो मला जिन्यात ‘पानी वडा’ म्हणून हाक मारतो. ‘पानी’ म्हणजे बाई.

जूनच्या त्या दिवशी साधारण ३५ हजार माणूस लोटलं. एका निरोपाच्या, कशाचाही निकाल न लावणाऱ्या सामन्याला. मला फुटबॉलमधलं ऑफसाइड अजून कळत नाही, पण मी होते तिथे.

आणि आबा, मोराव्हियात आलात की सगळ्यांना ‘चेक’ म्हणू नका, इथली माणसं दुखावतात. ऑस्त्राव्हाला गेलात तर तिथला बानीक हा क्लब बघा. बानीक म्हणजे खाणकामगार, आणि तिथल्या लोकांसाठी तो शब्द अजून आजोबा-पणजोबांचा आहे.

माई

---

प्रेषक: आबा (लाइप्झिग)

माई, चूक मान्य. लुझांकीचं मला माहीत होतं, वड्यांचं नव्हतं.

ताईंसाठी राहिलेलं थोडक्यात: ड्रेस्डेनहून मोटारीने तासाभरात तेप्लित्से येतं, १८ हजारांचं मैदान आणि गर्दी कमी, लहान मुलाला पळायला जागा. ह्रादेत्स क्रालोव्हेचं मैदान २०२३ मध्ये नवं बांधलं, पण जुने दिव्यांचे खांब लोकांनी पाडू दिले नाहीत. ते लॉलीपॉपसारखे गोल आहेत, मुलाला आवडतील. आणि प्रागमध्ये सामना नसेल त्या दिवशी देयव्हित्से भागात दुक्ला क्लबच्या युलिस्का मैदानाबाहेर योसेफ मासोपुस्तचा पुतळा बघा. १९६२ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये ब्राझीलवर पहिला गोल त्याचा होता, आणि त्याच वर्षी बॅलन डी’ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याचाच.

---

प्रेषक: ताई (ड्रेस्डेन)

आबा, माई, मंडळी,

काल रात्री अकराला घरी पोचलो. द्योलीचेकलाच गेलो होतो.

त्रास काही झाला नाही. रांगेत एका बाईंनी पोराच्या टोपीकडे बघून काहीतरी विचारलं, आम्हाला कळेना, मग त्यांनीच दोन्ही हात छातीशी धरून कांगारूसारखी उडी मारून दाखवली. पोरगं जे हसलं! हिरवी-पांढरी शाल घेतली, ती घालूनच झोपला. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पाव आणि मोहरीवर भागवलं, पण वास मात्र खरंच मागे लागतो.

सामना हरले. शेवटच्या शिटीला हे उठायला लागले, मी बाही धरून बसवलं. खेळाडू आले, मान खाली. टाळ्या वाजल्या, थोड्याच, पण वाजल्या. लेक मला म्हणाला, आई, हरले तरी का थांबलेत सगळे? मी म्हटलं, आबांना विचार.

पुढचा घरचा सामना तीन आठवड्यांनी आहे. तुम्ही असाल का?

---

प्रेषक: आबा (लाइप्झिग)

असणार. वेळ अजून पक्की झालेली नाही, गाडीचं तिकीट एवढ्यात काढू नका. मी टपरीच्या डाव्या हाताला उभा असेन. आजोबांना पोराबद्दल सांगून ठेवतो, ते एक जागा जास्तीची धरतील.