रेडिएटरमध्ये हळद टाकू का? कूलंट गळतंय, सल्ला द्या

रंकाळाकाठ: आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. सकाळी गाडीखाली हिरवे थेंब, आठवड्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी 'मिन' खुणेच्या खाली. रविवारी आईबाबांना घेऊन कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरी. एक मिस्त्री म्हणतो दोन चमचे हळद टाका, दुकानदारानं गळती बुजवणाऱ्या लीक-स्टॉपची बाटली पुढं केली. काय करू?

सुटा_बोल्ट: भावा, हळद पांढऱ्या रश्श्यातसुद्धा घालत नाहीत, रेडिएटरमध्ये कशाला? हळद फुगून भोकात बसते हे खरं. पण भोक कुठलं आणि नळी कुठली हे तिला कळत नाही. आताचे रेडिएटरचे कोअर (आतली जाळी) ॲल्युमिनियमचे, नळ्या चपट्या नि बारीक. बाटलीतला मालही तिथंच साचतो. गावात तापमानाचा काटा मध्यावर राहील. घाट चढताना, दुसरा गिअर, एसी चालू, तेव्हा कळेल अर्धा रेडिएटर बुजलाय ते.

घाटवेडा: अनुभवाचे बोल. हळदीवर दोन महिने मजेत काढले. मग चढाला काटा लालमध्ये, तरी "वर गेल्यावर थांबू" म्हणून रेटली. हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनात कूलंट नि ऑइल वेगळं ठेवणारं सील. ऑइलची कांडी काढली तर ऑइलमध्ये कूलंट मिसळून दुधाचा चहा!

जुना_डिझेल: एवढं घाबरवू नका. हायवेवर मला त्याच बाटलीनं घरापर्यंत आणलंय.

सुटा_बोल्ट: घरापर्यंत ठीक. पुढं फ्लश केलंत का, म्हणजे आतला सगळा माल धुवून काढलात का? बहुतेक जण विसरतात. @रंकाळाकाठ, उद्यमनगरात कुणाकडंही प्रेशर टेस्ट करून घे. इंजिन थंड असताना टोपणाच्या जागी पंप लावतात, टोपणावर छापलेला दाब देतात, 0.9 किंवा 1.1 बार. पंपाचा काटा उतरला की गळती शोधायची. आणि गरम गाडीचं टोपण उघडू नको. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं, दाब सुटला की उसळून थेट तोंडावर.

मांजरांची_ताई: खाली सांडलेलं धुवून टाका हो. चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाते.

रंकाळाकाठ: टेस्ट केली. रेडिएटर ठणठणीत! खालच्या होजचा (रबरी नळीचा) क्लॅम्प, म्हणजे आवळपट्टी, सैल, होजही टोकाला फुगलेला. दोन्ही बदलले, कूलंट नवीन. मधे बोअरचं पाणी ओतत होतो म्हटल्यावर मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, टोपणाच्या आत पांढरा क्षार दाखवला. आज पन्हाळ्याला चढवून आणली, काटा हलला नाही.

घाटवेडा: उद्या सकाळी थंड असताना पातळी परत बघ. हवा अडकली असेल तर उतरते.