चिपळूणचं घर, दोन भाऊ आणि हक्कसोड: सही करू का?

डोंबिवलीकरीण
बाबा मार्गशीर्षात गेले. आई आधीच गेली होती. मृत्युपत्र नाही. चिपळूणचं जांभ्याचं घर बाबांनी नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने बांधलेलं. दादा-वहिनी तिथेच राहतात, धाकटा पुण्याला असतो.

वर्षश्राद्धही व्हायचंय, तोवर दादाने व्हॉट्सॲपवर हक्कसोड पत्राचा मसुदा धाडला. "मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय..." आणि खाली नाव माझं माहेरचं! ज्या नावाचं आधारकार्डसुद्धा नाही, त्या नावाने माझी राजीखुशी.

धाकट्याला घर विकायचंय. वहिनी म्हणते, "तुमचं लग्न ९४च्या आधीचं, तुम्हाला हक्कच नाही. पुरात चिखल आम्ही उपसला." चिखलाचं खरंच आहे. २०२१च्या जुलैत घरात छातीभर पाणी होतं. पडवीला नंतर रंग दिला तरी त्या पाण्याची रेघ पावसाळ्यात पुन्हा उमटते. बाबांचं दुखणंही तिनेच काढलं. मला पैशाची गरज नाही. पण विचारलं कुठे कोणी? आणि मी सही दिली अन् उद्या दादानेच घर विकून टाकलं तर?

कोर्टातला_कारकून
ताई, मुलींना हक्क देणाऱ्या ९४च्या (महाराष्ट्राच्या) आणि २००५च्या (केंद्राच्या) कायदादुरुस्तीचं जे सांगतात ते वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल. बाबांचं घर स्वकष्टार्जित आहे, त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. लग्न कधी झालं याच्याशी संबंध नाही. तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. पूर्वी कलम २३ होतं: राहत्या घराची वाटणी मुलगे करेपर्यंत मुलीला मागता येत नसे. तेही २००५ला काढून टाकलं.

वारस नोंद झाली म्हणजे मालकी ठरली असं नाही, नोंद घरपट्टी-सातबाऱ्यापुरती. आणि पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून हक्कसोड होत नाही, रजिस्टरच करावं लागतं. एकदा रजिस्टर झालं की "मनात नव्हतं" म्हणून मागे घेता येत नाही. कोणाच्या लाभात सोडताय तेही नीट वाचा.

घाटावरची
आमच्याकडे हेच झालं. मी सोडलं भावासाठी, विकलं भाच्याने. आता दिवाळीला जायचं कुठे तर त्याच्या फ्लॅटमध्ये, तेही बोलावलं तर. सही न करता माहेर तुटतं म्हणतात, सही करूनही तुटतंच की!

पुण्याचा_धाकटा
मी धाकट्याच्या बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर. त्याच्या स्वतःच्या वापरात नसलेल्या घरात पैसे अडकून पडलेत, त्याच्या डोक्यावर कर्ज असेल, तुम्हाला काय माहीत? "बाबांची आठवण" म्हणून सगळ्यांनी त्यालाच का थांबवायचं?

कोर्टातला_कारकून
मुद्दा बरोबर आहे. म्हणून त्याच कायद्याचं कलम २२ बघा: एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. दादाने धाकट्याचा हिस्सा विकत घ्यावा. किंमत जमत नसेल तर कोर्ट ठरवून देतं, पण तिथवर जाऊ नका, वाटपाचे दावे पोरांच्या पिढीपर्यंत चालतात. दुरुस्तीच्या पावत्या दादाकडे असतील तर त्या हिशेबात धरा, वहिनीचं तोंडही बंद होईल आणि मानही राहील. ताई, तुमचा तिसरा हिस्सा तूर्त तसाच नावावर असू द्या. दादाला तिथून उठवा असं कोण म्हणतंय?

डोंबिवलीकरीण
हे पटलं. काल दादाला फोन केला, म्हटलं सही आत्ता नाही, आधी धाकट्याचं मिटवू. वहिनीने मागून "वकील केलाय का?" विचारलं. मी म्हटलं, केला नाही, पण पावत्या काढून ठेव, तुझ्याच कामाच्या आहेत. मग ती गप्पच झाली. दादा म्हणाला, घराची किंमत काढून घेऊ. चिपळुणात कोणी सरकारमान्य व्हॅल्युअर आहे का, की रत्नागिरीहून बोलवावा लागेल? आणि पुराच्या पट्ट्यातल्या घराची किंमत ते कशी धरतात?