शब्दचर्चा: ‘आउटरीच’ला मराठीत काय म्हणावं?

पुणे (मूळ प्रश्न)

एका शेतीविषयक मासिकासाठी लेख लिहितेय आणि चार दिवस एकाच वाक्यावर अडले आहे.

विषय अमेरिकेतला आहे. तिथल्या १९९०च्या शेती कायद्यात २५०१ क्रमांकाचं कलम आहे. कृष्णवर्णीय, आदिवासी, लॅटिनो, आशियाई वंशाच्या ज्या शेतकऱ्यांपर्यंत कृषी खात्याची कर्जं आणि योजना नीट गेल्याच नाहीत, त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांना या कलमाखाली पैसा मिळतो. २०१४च्या कायद्याने त्यात माजी सैनिक असलेले शेतकरीही आले. पैसा शेतकऱ्याच्या खात्यात जात नाही. तो महाविद्यालयांना, आदिवासी जमातींना आणि स्थानिक संस्थांना मिळतो, आणि त्यासाठी त्यांना आधी रीतसर मागणी करावी लागते.

माझं पहिलं भाषांतर असं: ‘वंचित शेतकरी व पशुपालक यांच्या जनसंपर्कासाठी अनुदान अर्ज’. व्याकरणात चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतंच उभं राहतं. ‘जनसंपर्क’ म्हटलं की प्रसिद्धिपत्रक आठवतं. ‘अनुदान अर्ज’ म्हटलं की महाडीबीटीवर ठिबकसाठी अर्ज भरणारा शेतकरी दिसतो. मूळ शब्द आहेत आउटरीच (आपणहून लोकांपर्यंत जाणं), अंडरसर्व्ह्ड (ज्यांना सेवा पुरेशा मिळाल्या नाहीत), रँचर (गुरं-मेंढरं पाळणारा) आणि ग्रँट (कामासाठी मिळणारा पैसा). त्यातला आउटरीच सगळ्यात जास्त छळतोय.

लातूर

ताई, मी कृषी खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. आमच्याकडे याला शब्द तयार आहे: विस्तार, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणं. कृषी विस्तार, विस्तार शिक्षण, विस्तार कार्यकर्ता. रुळलेला शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

‘ग्रँट’बद्दल तुमची शंका रास्त आहे. ‘अनुदानित शाळा’ म्हणतो तेव्हा अनुदान म्हणजे ग्रँटच असते, पण शेतीच्या मासिकात तो शब्द वाचला की शेतकरी सबसिडीच समजणार. ‘संस्थांना निधी’ असं लिहा. आणि ‘अर्ज’ काढून ‘प्रस्ताव’ घाला. शेतकरी अर्ज करतो. संस्था प्रस्ताव सादर करते. काय काम करणार, कोणाबरोबर करणार, कशावर किती खर्च, हे प्रस्तावात मांडावं लागतं. एवढ्या बदलाने पैसा कोणाकडे जातो ते वाचकाला आपोआप कळेल.

पुणे

काका, निधी आणि प्रस्ताव दोन्ही घेतले. मनापासून आभार.

‘विस्तारा’वर मात्र मन बसत नाही. अमेरिकेत तुमच्या अर्थाचा विस्तार १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासून आहे. तो असताना पुढे शहात्तर वर्षांनी वेगळं कलम करावं लागलं, म्हणजे विस्तारातून काहीतरी सुटलं होतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर जे सुटलं तेच लेखातून गायब होईल.

लातूर

हे मला पुरेसं पटलं नाही. कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला परका नाही. तो शिकवायचा त्या टस्कीगीच्या संस्थेतून १९०६ साली ‘जेसप वॅगन’ निघाली, घोड्यांनी ओढलेली गाडी. अवजारं आणि प्रात्यक्षिकांचं सामान भरून ती अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या गावोगावी जायची. याहून मोठा आउटरीच कोणता? आणि आम्ही विद्यार्थ्यांना ते विस्ताराचंच उदाहरण म्हणून सांगत आलो.

सेंट पॉल, मिनेसोटा

काका, उदाहरण अगदी नेमकं दिलंत, पण त्याचा पुढचा भाग तुमच्या विरोधात जातो. ती गाडी १९०६ची. १९१४चा कायदा आला तेव्हा विस्ताराचा पैसा कोणत्या महाविद्यालयामार्फत खर्च करायचा हे ठरवणं राज्यांच्या हाती गेलं, आणि दक्षिणेत सूत्रं गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे राहिली. १८९०च्या कायद्याने आधार मिळालेली कृष्णवर्णीयांची महाविद्यालयं होती, पण त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. विस्तार झाला, फक्त ठरावीक बांधापर्यंत झाला.

मी इथे आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग समाजाच्या भाजी उत्पादकांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. आउटरीच म्हणजे रोज काय करतो ते सांगते. कर्जाचा फॉर्म भरताना त्यांच्या शेजारी बसतो. कार्यालयात सोबत जातो. नातवंडांना दुभाषा म्हणून न्यावं लागू नये म्हणून त्यांच्या भाषेतला माणूस नेतो. कोणत्या खिडकीवर काय मागायचं हे आधी घरी बसून समजावतो. यात नवं वाण नाही, खताची मात्रा नाही. म्हणून विस्तार हा शब्द मलाही अपुरा वाटतो.

आणि जनसंपर्क तर नकोच. त्याला पिगफर्ड खटल्यापेक्षा मोठं कारण नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर कर्जवाटपातल्या भेदभावाचा दावा लावला होता. १९८१ ते १९९६ या काळात ज्यांनी कर्ज किंवा मदत मागितली, ती नाकारली गेली किंवा रेंगाळली, त्यांच्यासाठी १९९९ साली तडजोड झाली. जाहिराती निघाल्या, दूरचित्रवाणीवर आल्या, वर्तमानपत्रांत आल्या. तरी मुदत उलटल्यावर ६० हजारांहून जास्त लोकांचे अर्ज आले आणि त्यातले बहुतेक उशीर झाला म्हणून बाहेर राहिले. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या संसदेला २००८च्या शेती कायद्यात पुन्हा वाट काढावी लागली, आणि २०१० साली १२५ कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली.

म्हणजे दवंडी पिटली गेली होती. वस्तीवर ती ऐकू गेली नाही, किंवा ऐकू गेली तरी इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर कोणाचा विश्वास बसला नाही. दवंडी आणि आउटरीच यातलं अंतर हेच, आणि आपला मराठी शब्द दवंडीच्या बाजूला पडता कामा नये.

पुणे

ताई, हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. १९२०च्या गणनेत अमेरिकेत ९ लाख २५ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते आणि १९९७च्या गणनेत १९ हजारांच्याही आत, हे आकडे माझ्या टिपणवहीत होते. शहरांकडे झालेलं स्थलांतर, यंत्रं, छोट्या शेतीची ओढाताण ही कारणं आहेतच. पण ‘जनसंपर्क’ लिहिताना या आकड्यांकडे माझं लक्ष नव्हतं.

मग ‘पोहोच’ कसा वाटतो? ‘शेतकऱ्यांपर्यंत पोहोच’. साधा आहे आणि दिशाही दाखवतो.

फलटण

पोहोचचं तुम्ही जाणकार बघा, मी रँचरवर बोलतो, कारण आमच्या घरात मेंढरं आहेत.

पशुपालक हा सरकारी शब्द. दारात एक म्हैस असलेलाही पशुपालक आणि शेकड्याने मेंढरं असलेलाही पशुपालक. मेंढपाळ म्हणाल तर तो चालता माणूस. आमचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसांचा तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे निघायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा. अमेरिकेतला रँचर एका ठिकाणी घर करून राहतो आणि गुरं लांबवर चरतात, असं मी समजतो. तर त्याला ‘कुरणमालक’ म्हणावं का? जुन्या बोलण्यात खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि खिल्लारी म्हणजे तो राखणारा. फार नेमका शब्द होता, पण आता खिल्लार म्हटलं की बैलाची जातच आठवते, त्यामुळे तो गेला.

सेंट पॉल, मिनेसोटा

दादा, खिल्लारी मला फार आवडला, पण तुम्ही म्हणता ते खरं, वाचक चुकेल. ‘कुरणमालक’ मात्र नको. पश्चिमेकडच्या राज्यांत पुष्कळ रँचरांची गुरं केंद्र सरकारच्या जमिनीवर चरतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे परवाना असतो, साधारण दहा वर्षांचा. जमीन त्यांची नसते. आदिवासी राखीव क्षेत्रांतल्या जमिनीचा हिशोब तर आणखी वेगळा. मालक म्हटलं की त्यांची अडचणच पुसली जाते.

फलटण

म्हणजे चराईच्या परवानगीसाठी हेलपाटे तिकडेही आहेत. मग ताई, पहिल्यांदा ‘चराऊ रानांवर गुरं-मेंढरं पाळणारे’ असं फोडून लिहा आणि पुढे पशुपालक वापरा. एका शब्दात बसवायचा हट्ट सोडा. आमच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं तर त्यांना लगेच कळेल.

पुणे

मान्य. तुमच्याच शब्दांत घेते.

आता अंडरसर्व्ह्ड. ‘वंचित’ ठेवायचा का? वञ्च् म्हणजे फसवणं. वंचना त्यातूनच आली. ‘वंचित’मध्ये कोणीतरी हिरावून घेतल्याचा अर्थ शिल्लक आहे, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. ‘दुर्लक्षित’ म्हटलं तर नजरचुकीने राहून गेलं असं होतं.

सेंट पॉल, मिनेसोटा

प्रामाणिक आहे, पण तो दुसऱ्या शब्दासाठी राखून ठेवा. कायद्यातला मूळ शब्द ‘सोशली डिसअॅडव्हांटेज्ड’. त्याची व्याख्या अशी: व्यक्तीचे स्वतःचे गुण न पाहता, केवळ एका गटाची म्हणून जिला वांशिक पूर्वग्रह सोसावा लागला, अशा लोकांचा गट. इथे ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ चपखल बसतो. ‘मागास’ लिहू नका. आपल्याकडे मागासवर्गीय या शब्दामागे याद्या, दाखले आणि वेगळा कायदा आहे. वाचक ते सगळं अमेरिकेवर चढवेल. शिवाय मागासमध्ये उणेपणा माणसाकडे जातो, आणि ही व्याख्या तर तो पूर्वग्रह ठेवणाऱ्याकडे दाखवते.

अंडरसर्व्ह्ड ही त्याहून मोठी टोपली. कृषी खात्याच्या वापरात २०२५ पर्यंत तिच्यात चार प्रकारचे लोक यायचे: सामाजिकदृष्ट्या वंचित, तुटपुंज्या साधनांचे, शेतीत उतरून दहा वर्षं न झालेले नवखे, आणि माजी सैनिक. सैन्यातून परतून शेती करणाऱ्याला वंचित म्हटलं तर त्यालाच पटणार नाही. आणि इथे एक खड्डा आहे. ‘व्हेटरन फार्मर’चं भाषांतर ‘अनुभवी शेतकरी’ असं झालेलं मी स्वतः पाहिलंय. त्या एका चुकीने ज्यांच्यासाठी तरतूद आहे ते वाक्यातून नाहीसे होतात.

अजून एक. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने जाहीर केलं की वंश आणि लिंगावर आधारलेला ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ हा निकष ते आपल्या योजनांत यापुढे वापरणार नाही. त्याआधी २०२१ साली याच शब्दाच्या आधारे जाहीर झालेली कर्जमाफी न्यायालयांनी रोखली आणि २०२२ साली ती तरतूदच रद्द झाली. म्हणून लेखात शब्दासोबत साल लिहा. इथे प्रस्ताव लिहिणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत या एका शब्दावरून पानंच्या पानं बदलावी लागली आहेत.

पुणे

मग अंडरसर्व्ह्डसाठी ‘ज्यांच्यापर्यंत सेवा पोहोचल्या नाहीत असे’. लांब आहे, पण यात आउटरीचचं क्रियापद आपसूक येतं. न पोहोचलेले आणि पोहोचणं. दोन्ही शब्द एकाच धातूतून मिळाले.

लातूर

आता माझा आक्षेप ऐका, आणि हा विस्तारासाठी नाही. विस्तार मी मागे घेतला, सेंट पॉलच्या ताईंनी पिगफर्डचं लिहिलं तेव्हाच.

आक्षेप ‘पोहोच’वर आहे. कचेरीत ‘पोहोच’ किंवा ‘पोच’ म्हणजे पावती. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, ती पोच. ‘शेतकऱ्यांची पोहोच’ असं छापलंत तर निम्मे वाचक शिक्का शोधतील. आमच्या कार्यालयात लोक अर्ज देऊन पोच न घेता निघून जायचे, कारण कोणी देत नसे आणि त्यांना मागायचा धीर होत नसे. पुढे अर्ज हरवला की ‘तू दिलाच नाहीस’ हे उत्तर ठरलेलं. एका बाईंचा फळबागेचा अर्ज असाच गेला. टेबल माझंच होतं. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

सेंट पॉल, मिनेसोटा

काका, तुम्ही जे लिहिलंत ते इथे कायद्यात आहे. २००८च्या शेती कायद्याने तरतूद केली की शेतकऱ्याने मागितली तर कृषी खात्याच्या कार्यालयाने त्याला पावती द्यायची: कधी आला, काय मागितलं, काय मिळालं किंवा नाकारलं. २०१४ साली त्यातली ‘मागितली तर’ ही अट गेली. आता न मागता द्यायची. पिगफर्डमध्ये लोकांना हेच सिद्ध करावं लागत होतं की आपण त्या काळात कर्ज मागायला गेलो होतो. ज्याला कोऱ्या फॉर्मची प्रतसुद्धा न देता परत पाठवलं, त्याच्याकडे कागद कुठून येणार?

पुणे

काका, ‘पोहोच’ हे नाम काढलं. क्रियापद ठेवलं, त्याला शिक्क्याचा अर्थ चिकटत नाही. वाक्य आता असं झालंय:

‘ज्या शेतकऱ्यांपर्यंत आणि चराऊ रानांवर गुरं-मेंढरं पाळणाऱ्यांपर्यंत सरकारी सेवा पोहोचल्या नाहीत, त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचणाऱ्या संस्थांनी निधीसाठी सादर करायचे प्रस्ताव’.

शीर्षकात हे मावणार नाही, तिथे ‘शेतकऱ्यापर्यंत जाणाऱ्या संस्थांसाठी निधी’ एवढंच. आणि पावतीच्या तरतुदीची वेगळी चौकट करतेय. तिला ‘पोच’ हेच नाव देते. फलटणचे दादा, छापायला देण्याआधी वाक्य एकदा घरी वाचून दाखवाल का? कुठे अडखळतात ते कळवा.

फलटण

संध्याकाळी आजीला वाचून दाखवलं. ‘प्रस्ताव’वर थांबली, बाकी सगळं कळलं. म्हणाली, जाऊन पोहोचणाऱ्या म्हणजे वाड्यावर येणाऱ्या ना? मी हो म्हटलं.