ग्रे आयर्न फाउंड्री: रिजेक्शन 8 टक्के, वीजही जास्त. आधी कशाला हात घालावा?

ओतारी_शिरोली
नमस्कार मंडळी. 500 किलोची इंडक्शन भट्टी, ग्रीन सँड (माती-पाणी मिसळलेली साच्याची वाळू), जोल्ट-स्क्वीझ (हादरे देऊन वाळू दाबणारं) मशीन. पंप-व्हॉल्व्हची कास्टिंग, 3 ते 25 किलो. रिजेक्शन सात-आठ टक्क्यांखाली येत नाही. त्यातलं निम्मं गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर 'ब्लो होल' (वायूने पडलेलं छिद्र) म्हणून परत येतं. वितळवायला टनाला 680 युनिट जातात. मालक नवा सँड प्लँट (साच्याची वाळू तयार करणारी यंत्रणा) घ्यायचं म्हणतायत. त्याआधी काय तपासू?

साचेकाम
प्लँटची ऑर्डर आत्ता देऊ नका. 'ब्लो होल' या एका रकान्यात तीन-चार वेगळे दोष कोंबले जातात, आणि मग उपाय भलत्याच ठिकाणी होतो. परत आलेले पीस छिद्रातून तोडा आणि भिंगाखाली बघा. आतून गुळगुळीत, चकचकीत आणि कोअरच्या (पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या) बाजूला असेल, तर कोअरचा गॅस: व्हेंट (वायू जायची वाट) बुजलाय किंवा कोअर ओला आहे. खडबडीत आणि वाळूचे कण अडकलेले असतील, तर साचा झडलाय. वरच्या कातडीखाली दोन-तीन मिलिमीटरवर, आत मळीचे थेंब असतील, तर तो मँगनीज सल्फाइडचा दोष, आणि वाळू कितीही सुधारली तरी तो जात नाही. मशिनिंगनंतर उघड होणारा बहुधा हाच असतो.

तो होतो कारण मँगनीज आणि सल्फर दोन्ही चढलेले असतात आणि धातू थंड ओतला जातो. तापमान उतरलं की सल्फाइड वेगळं होऊन वर येतं, ऑक्साइडच्या मळीत मिसळून ती पातळ करतं, मळी ग्रॅफाइटमधल्या कार्बनशी भिडते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. मँगनीज = 1.7 × सल्फर + 0.3 एवढंच ठेवा. सल्फर 0.08 टक्के असेल तर मँगनीज 0.44 टक्के पुरे. स्टील स्क्रॅप वाढवलं की मँगनीज हळूच वर सरकतं, त्यावर नजर हवी. बॉक्सवर (साच्याच्या चौकटीवर) ओतण्याचा क्रम खडूने लिहा. खराब पीस लॅडलच्या (धातू नेऊन ओतायच्या भांड्याच्या) शेवटच्या बॉक्समधले निघाले तर कारण तापमानच.

बेंटोनाइट
साचेकाम यांचं पटलं. तरी उरलेलं निम्मं तुमच्याच शेडमध्ये पकडलं जातंय, त्यात वाळू असणारच. कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के खाली बसते ते) तासातासाला मोजा, 38 ते 42 मध्ये ठेवा. नुसत्या ओलाव्यावर जाऊ नका. 40 साठी आधी 3.2 टक्के पाणी लागायचं आणि आता 4 लागतंय, तर वाळूत धूळ आणि मेलेली माती साठलीय. बेंटोनाइट (वाळू चिकटवून धरणारी माती) 600 अंशांच्या आसपास तापलं की कायमचं मरतं. पाणी घातलं तरी चिकटपणा परत येत नाही. डस्ट कलेक्टरचं सक्शन तपासा, मग नव्या वाळूचं प्रमाण वाढवा.

रिटर्न सँडला (वापरून परत आलेल्या वाळूला) हात लावून बघा. 45 अंशांपेक्षा जास्त असेल तर मिक्सरमधून निघालेलं पाणी साच्यापर्यंत टिकत नाही. कडा सुकतात, ओतताना झडतात. दुपारनंतर सँड ड्रॉप (साच्यातली वाळू पडून होणारे दोष) वाढतात ते यामुळे. पट्ट्यावर, मिक्सरच्या बऱ्याच आधी, पाण्याचा फवारा द्या आणि वाळू उलथीपालथी करा. 1 टक्का पाणी वाफ होऊन गेलं की सुमारे 25 अंश उतरतात. फवारा, नांगरासारखे दोन फाळ आणि वाफ ओढणारा पंखा, एवढ्यात काम होतं.

भट्टीवाला_कागल
विजेचा हिशेब वितळलेल्या टनावर करू नका, चांगल्या कास्टिंगच्या टनावर करा. यील्ड (वितळलेल्या धातूतून मिळणारं चांगलं कास्टिंग) 60 टक्के आणि 600 युनिट धरले, तर एका टन कास्टिंगला 1000 युनिट. रनर-रायझर (साच्यातल्या धातूच्या वाटा आणि जादा साठे) आटपवून यील्ड 65 केलं की 923. भट्टीला हात न लावता 77 युनिट वाचले.

680 मागे मला दोन गोष्टी दिसतात. एक, वाळू चिकटलेले रनर तसेच चार्जमध्ये जातात. ती वाळू वितळवायला वीज, वर मळी, वर लायनिंगची (भट्टीच्या अस्तराची) झीज. शॉट ब्लास्ट (लोखंडी छऱ्यांचा मारा) करूनच टाका. दुसरी, धातू तयार आणि बॉक्स तयार नाहीत. त्या थांबलेल्या मिनिटांची वही ठेवा, झाकण बंद ठेवा. पावसाळ्यात एक कळकळीची सूचना: ओलं बोरिंग (मशिनिंगचा कीस) किंवा ओलं स्क्रॅप वितळलेल्या धातूत कधीही टाकू नका. वाफेचा स्फोट होऊन माणसं भाजतात.

ओतारी_शिरोली
तीन पीस तोडले. तिन्हींत कातडीखाली मळी. पण भट्टीत तर 1450 दाखवतंय!

साचेकाम
भट्टीतलं नको, लॅडलमधलं मोजा, पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सला. छोट्या लॅडलमध्ये ओतून घेतानाच 50 अंश सहज पडतात, लॅडल गार असेल तर त्याहून जास्त. बर्नरने लॅडल लाल होईपर्यंत तापवा, वर झाकण ठेवा, एका लॅडलवर बॉक्स कमी करा. शेवटचा बॉक्स 1370 च्या खाली गेला तर उरलेला धातू परत भट्टीत. भट्टीचं तापमान मात्र वाढवत बसू नका. दर 50 अंशांना टनामागे 15-20 युनिट जातात आणि पातळ भागात चिल (कडक, ठिसूळ थर) येतो. इनॉक्युलंटही (चिल टाळायला धातूत घालायची भुकटी) लॅडलमध्ये पडल्यापासून सात-आठ मिनिटांत ओतून संपवा.