गुजरातचा एकतर्फी कौल नेमका कुणाचा, शहरांचा की गावांचा?

रेवातीर: गुजरातमध्ये १९९५ पासून, मधला थोडा काळ वगळता, भाजपच सत्तेवर आहे. तरीही २०१५ च्या स्थानिक निवडणुकांत सहाही महानगरपालिका भाजपने राखल्या आणि त्याच सुमारास बहुतेक जिल्हा पंचायती काँग्रेसकडे गेल्या. राज्य एक, आरक्षणासाठीच्या पाटीदार समाजाच्या आंदोलनाची झळही सगळीकडे. मग कौल इतका वेगळा कसा? अमेरिकेत टेक्सासवर रिपब्लिकनांची पकड असली तरी ऑस्टिन शहर डेमोक्रॅट्सच्या बाजूने राहते. इथे मात्र शहरेच सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला कशी झाली, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

तापीकाठ: आमचे कुटुंब खानदेशातून सुरतेत आले आणि कापडाच्या धंद्यात स्थिरावले. जुलै २०१७ मध्ये जीएसटीच्या विरोधात रिंग रोडवरची मार्केटे बंद होती, तेव्हा वडील रोज सकाळी गाळ्यापर्यंत जात, कुलूप ओढून पाहत आणि घरी परतत. आत साड्यांचे गठ्ठे तसेच पडून होते. इतका राग असूनही डिसेंबरमधल्या विधानसभा निवडणुकीत सुरत जिल्ह्यातल्या सोळापैकी पंधरा जागा भाजपला मिळाल्या, त्यांत पाटीदारबहुल वराछा आणि कतारगामही होते. वडिलांनीही नेहमीचेच बटण दाबले. "कर उद्या बदलेल, पण दंगलीतली संचारबंदी पुन्हा नको," एवढेच ते म्हणाले. ऐंशीच्या दशकातल्या दंगली ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या मतामागे ही भीती किती खोल आहे, हे आकड्यांवरून कळत नाही.

शेंगदाणा: गावाकडे कुलूप लावून थांबता येत नाही; भुईमूग आणि कपाशी निघाली की मिळेल त्या भावाने विकावी लागते. त्यामुळेच २०१७ मध्ये अमरेली जिल्ह्यातल्या पाचही जागा काँग्रेसने जिंकल्या आणि राज्यात भाजप ९९ जागांवर थांबला. मात्र "शहर" हा शब्दही सरसकट वापरू नये, असे मला वाटते. २०२२ मध्ये भाजपने १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या, तेव्हाही अहमदाबादमधील जमालपूर-खाडिया आणि दाणीलिमडा काँग्रेसकडेच राहिले. ज्या शहरात धर्मानुसार वस्त्या वेगळ्या झाल्या आहेत आणि अशांत क्षेत्रांच्या कायद्यामुळे तिथे घर विकायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तिथे मतदारसंघाची सीमा कुठून जाते यावरच बरेच काही ठरते.

तापीकाठ: हे मान्य आहे, पण एक भर घालतो. २०२१ मध्ये सुरत महानगरपालिकेच्या १२० जागांपैकी २७ आम आदमी पक्षाला मिळाल्या आणि काँग्रेसला एकही नाही. पुढच्याच वर्षी विधानसभेत आम आदमी पक्षाचे पाच आमदार निवडून आले, पण सुरतेतून एकही नाही. माझ्या मते शहरी मतदार आपला राग प्रभागात मोकळा करतो. गांधीनगरची सत्ता बदलण्याइतका भरवसा त्याला अजून दुसऱ्या कोणावर वाटत नाही.