मदत हवी आहे: व्हॉल्व्ह अँपचे कपॅसिटर बदलायचे आहेत, कुठले घेऊ?

सुरेलखरखर
जुना व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) आहे, कपॅसिटर मूळचेच. आवाज दबलाय, बास ढिला पडलाय. सगळे कपॅसिटर काढून चांगले टाकायचं ठरवलंय. पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिक फिल्मचे) घेऊ की पेपर-इन-ऑइल (तेलातल्या कागदाचे)? व्हॅल्यू थोडी वाढवली तर बास वाढेल ना? सोल्डरिंग येतं. आज रात्री ऑर्डर टाकायची आहे, तेव्हा थेट काय घ्यायचं ते सांगा. 'अवलंबून आहे' ही उत्तरं भरपूर वाचून झाली.

ओहमकार
आउटपुटला कुठले व्हॉल्व्ह? सिंगल एंडेड (एकच व्हॉल्व्ह) की पुशपुल (जोडी)? रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्हचा की डायोडचा? आणि 'सगळे' म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक, कॅथोडवरचे, की एका स्टेजमधून पुढच्या स्टेजला सिग्नल नेणारे कपलिंग? तिन्हींची कामं वेगळी, बिघडल्याची लक्षणंही वेगळी.

मंद्रसप्तक
डोळे झाकून पेपर-इन-ऑइल घ्या. मी कपलिंगला तेच टाकले आणि गाणाऱ्याचा आवाज स्पीकरच्या पुढे येऊन उभा राहिला. प्लास्टिक फिल्ममध्ये तो ओलावा नाही. मात्र रुळायला वेळ द्या, पहिल्या दिवशी निकाल लावू नका.

रेझिस्टर४७०
मंद्रसप्तक, असहमत. जुन्या अँपमध्ये आधी खराब होतात ते कागदाचेच, कारण कागद दमट होतो आणि डीसी झिरपायला लागतो. ६३० व्होल्टचा साधा पॉलिप्रॉपिलीन लावा, पुढची कित्येक वर्षं बघायला नको.

मंद्रसप्तक
मी मेणाने बंद केलेल्या जुन्या कपॅसिटरबद्दल बोलतच नाहीये. नवे धातूच्या डब्यात हवाबंद येतात. आधी ऐकून बघा, मग असहमत व्हा.

जुनीतबकडी
गुणगुण कपलिंगमुळे येत नाही. १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायचे ते मोठे), ५० ची असेल तर हीटरचं वायरिंग किंवा अर्थ लूप.

सुरेलखरखर
गुणगुण आहे असं मी कुठे म्हटलंय? अँप स्टिरिओ, आउटपुटला ईएल८४ पुशपुल, त्याआधी ईसीसी८३, रेक्टिफायर जीझेड३४. सर्किटचं ड्रॉइंग नाही. कपलिंगवर ०.२२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट लिहिलंय. ते काढून १ मायक्रोफॅरड टाकू का, एवढंच सांगा.

ओहमकार
नको. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचा (सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीचा) रेझिस्टर ४७० किलोओहम धरला तर ०.२२ ला कटऑफ (ज्याच्या खाली आवाज कमी होत जातो ती फ्रिक्वेन्सी) येतो साधारण दीड हर्ट्झ. कान ऐकतात वीसपासून. म्हणजे बास तिथे अडलेलाच नाही. व्हॅल्यू वाढवली तर जोराच्या ठोक्यानंतर ग्रिडला सावरायला जास्त वेळ लागतो, आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणलेला) असेल तर अँप अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर डोलायला लागू शकतो. फिल्टरचंही तसंच: जीझेड३४ नंतरचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नको, रेक्टिफायरवर ताण येतो.

जुनीतबकडी
अवांतर होईल, पण स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत? ढिल्या बासचं अर्धं उत्तर खोलीतच असतं. मी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढले आणि अँप उघडायची वेळच आली नाही.

रेझिस्टर४७०
स्पीकरचा वेगळा धागा काढा ना. @सुरेलखरखर, आवाज चालू केल्यापासूनच दबलेला असतो की मागाहून दबतो?

सुरेलखरखर
मागाहून. सुरुवातीला छान असतो, अर्ध्या-पाऊण तासाने दबतो, तोही उजव्या बाजूचा जास्त. तेव्हा तिकडच्या एका ईएल८४ ची प्लेट (काचेच्या आतला धातूचा पत्रा) लालसर दिसते. पण व्हॉल्व्ह म्हटला की तापणारच, म्हणून लिहिलं नव्हतं.

ओहमकार
अँप आत्ताच बंद करा. हीटर नारिंगी दिसतो ते ठीक, प्लेट लाल व्हायला नको. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतंय आणि व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त करंट ओढतोय. असंच चालवलंत तर व्हॉल्व्ह जाईल, कदाचित आउटपुट ट्रान्सफॉर्मरही.

एक तर कपलिंग कपॅसिटर लीक आहे, नाहीतर व्हॉल्व्ह गॅसी (आत वायू झालेला). ओळखायची रीत: अँप बंद, प्लग बाहेर. फिल्टर कपॅसिटरवर बंद केल्यावरही ३०० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून मीटर शून्यावर येईपर्यंत उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मग लाल होणारा व्हॉल्व्ह काढा, मीटरची काळी क्लिप चासीला, लाल त्या सॉकेटच्या २ नंबर पिनला. स्पीकर जोडलेलेच ठेवा, अँप चालू करा, आत हात घालू नका, फक्त आकडा बघा. व्होल्ट दिसले तर कपॅसिटर. शून्य असेल तर व्हॉल्व्ह.

सुरेलखरखर
मोजलं. गार असताना ०.३, तापल्यावर ४.१ व्होल्ट. शेजारच्या सॉकेटला जवळजवळ शून्य. पण तोच कपॅसिटर मी मल्टिमीटरवर तपासला होता, व्हॅल्यू बरोबर आली होती!

ओहमकार
येणारच. ४७० किलोओहमवर ४.१ व्होल्ट म्हणजे जेमतेम ९ मायक्रोअँपिअर. कपॅसिटरच्या अलीकडे २०० व्होल्ट धरले तर लीकेज साधारण २२ मेगाओहमचं, तेही तापल्यावर. मीटर मोजतो काही व्होल्टवर आणि गार असताना. त्याला ते दिसत नाही. चारही ईएल८४ च्या ग्रिडकडचे कपॅसिटर बदला, ०.२२ च, ६३० व्होल्ट. त्या जोडीचा कॅथोड रेझिस्टर मोजा आणि त्याच्यावरचा इलेक्ट्रोलिटिकही बदला, दोघंही भाजले असणार. बाकी कशाला आत्ता हात लावू नका.

मंद्रसप्तक
म्हणजे पेपर-इन-ऑइलला यात कुठेच मनाई नाही.

रेझिस्टर४७०
मनाई नाही. पण एक कपॅसिटर झिरपला म्हणूनच आपण इथवर आलो, आणि तुम्ही परत कागदच सुचवताय.

सुरेलखरखर
पॉलिप्रॉपिलीन मागवले. जुन्यांच्या एका टोकाला काळी पट्टी आहे. नव्यांवर काहीच खूण नाही. उलटे लागले तर?

ओहमकार
फिल्मला प्लस-मायनस नसतं, उलटा लागला तरी चालतो. पट्टी बाहेरच्या फॉइलची. ती बाजू आधीच्या स्टेजच्या प्लेटकडे असली की बाहेरचा खरखराट कमी शिरतो. जुना काढण्याआधी पट्टी कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून ठेवा.