पैसे घेऊन गप्प बसलेला विक्रेता: तुमचे अनुभव सांगा

लातूरकर
काल शेजारच्या पोरीनं पार्सल फोडताना मला व्हिडिओ काढायला बोलावलं, म्हणली काका पुरावा ठेवावा लागतो. मला एकदम दादांचा बॅटरी पंप आठवला. सोयाबीनवर अळी पडलेली, दादांनी मोबाईलवर जाहिरात बघून १६ लिटरचा फवारणी पंप मागवला, पैसे आधीच भरले. पंप आला तर नळी बसते तिथलं वायसरच नाही, टाकी भरली की सगळं पाणी पाठीवर. फोन लावला की रिंग वाजून बंद. व्हॉट्सअ‍ॅप केलं की लगेच उलट मेसेज, संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, लवकरच उत्तर देऊ. दादा म्हणायचे बघ की, किती नम्र माणूस हाय, दर टायमाला धन्यवाद म्हणलालंय. ते आपोआप येतंय हे त्यांना काही केल्या पटंना. मग एक दिवस त्याचा फोटो बी दिसायचा बंद झाला. अळी काय ह्याच्या उत्तरासाठी थांबती व्हय? तुमचं बी सांगा.

नांदेडची माय
सॉरी पण हसू आलं, पाठीवर पाणी. माझं पैठणीचं. लाईव्हमधी हातमाग हातमाग करत विकली, घरी आल्यावर उलटी करून बघितली तर मागं सगळे सुटे धागे, खऱ्या हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून बी तशीच दिसती. मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, बस्स. मग नणंदेच्या नंबरवरून नुसतं किंमत काय विचारलं, तर पाच मिनिटात हां जी मॅडम! मेला जिवंत होता की! कुकर झालाय, नंतर लिहिते

परभणीचा
लातूरकर कोणत्या कंपनीचा पंप व्हता? मला बी घ्यायचाय

लातूरकर
नाव घेत नाही भाऊ. लातूरच्या गंजगोलाई बाजारात जाऊन हातानं दाबून बघून घ्या, पाचशे जास्त गेले तरी चालतंय

वकीलसाहेब, जालना
नुसते मेसेज करत बसू नका. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन हाय, मराठीत बोलता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर साईटवर टाकावंच लागतं, त्यानं ४८ तासात पोच द्यायची अन् महिनाभरात निकाली काढायचं. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाबी असो, केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येती, ५ लाखापर्यंत फी नाही, ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरा. बिल, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट अन् चॅट डिलीट करू नका. लोक रागात चॅटच उडवतेत अन् मग माझ्याकडं येतेत.

बीडकर
भाऊजी इन्स्टावाल्याला कुठली साईट अन् कुठला अधिकारी

वकीलसाहेब, जालना
नाव-पत्ता नसला तर अवघड हाय, खरंय. पण पैसे घेऊन गायबच झाला असंल तर ती फसवणूक झाली, लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतेत.

वसमतची सून
मी हळद विकते ऑनलाईन, जरा आमची बी बाजू ऐका. सगळे लबाड नसतेत बाई. हळद शिजवायच्या दिवसात पहाटपासून कढईपाशी, हात पिवळे, मोबाईल कुठं पडलाय माहीत नसतं, त्यात लाईट गेली की टॉवर बी जातो. रात्री बघते तर एका ताईंचे मेसेजवर मेसेज, शेवटचा "चोर". कुरिअरवाल्यानं पाकीट दुसऱ्याच गावात टाकलेलं. मी दुसरं पाठवलं, आता वर्षाची हळद त्या माझ्याकडूनच नेतेत. पण उशिरा बोलणं अन् ब्लॉक करणं ह्यात फरक हाय, ब्लॉक करणाऱ्याची बाजू मी नाही घेणार.

बीडकर
शेलम जातीची हळद हाय का तुमच्याकडं? काय भाव?

वसमतची सून
हाय की, मेसेज करा. उत्तर रात्री देईन, आधीच सांगते

धाराशिवचा पोट्टा
आमच्या मावसभावाला बूट विकणाऱ्यानं पैसे वापस करतो म्हणून क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करून पिन टाका. आरं पैसे यायला पिन कशाला लागंल? बरं झालं आत्या मागून वरडली, बुटाचे गेले तेवढ्यावरच भागलं.

नांदेडची माय
आले परत. पैठणी ठेवली तशीच, जाऊबाईनं डोहाळजेवणाला नेसली, सगळ्या म्हणल्या लै भारी. मी गप्प.

परभणीचा
मग वायसर कुठं मिळालं दादांना?

लातूरकर
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला त्यांनी, दोन हंगाम चालला. आता बॅटरी धरंना गेलीय. अंबाजोगाईकडं कोणी सेल बदलून देणारा मिस्त्री हाय का ओळखीचा?

परभणीचा
बस स्टँडपाशी बघा, रिक्षाच्या बॅटऱ्या करणारे करून देतेत